मागणी घालणं आणि मागणी करणं : ‘हेन्री पाचवा’चा शेवटचा प्रवेश कसा वाचायचा?



मराठीत ‘मागणी’ या शब्दाची एक गंमत आहे. मुलीला मागणी घालतात आणि हरलेल्या राजापुढे मागण्या ठेवतात. ‘बोलणी’चंही तसंच. लग्नाची बोलणी होतात, तहाचीही होतात. ‘बोलणी फिसकटली’ एवढंच कानावर आलं तर सोयरीक मोडली की लढाई सुरू झाली, हे पुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही. शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’ या नाटकाचा शेवटचा प्रवेश नेमका या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे. माझ्या पीएच.डी.च्या कामात हा प्रवेश सारखा समोर येतो. पेटच्या मुलाखतीची किंवा संशोधन आराखड्याची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना ‘शेक्सपिअरमध्ये नवीन काय शोधणार?’ असा प्रश्न पडतो. म्हणून आज हा एकच प्रवेश घेऊ या आणि त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो, ते बघू या.

आधी प्रसंग समजून घ्या

नाटक साधारण १५९९ मधलं. विषय आहे इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री, त्याची फ्रान्सवरची स्वारी आणि २५ ऑक्टोबर १४१५ रोजी आझँकूरला (इंग्रजी उच्चार ॲजिनकोर्ट) मिळालेला विजय. चौथ्या अंकात लढाई संपते. पाचव्या अंकात दोन्ही बाजू फ्रेंच राजवाड्यात तहासाठी जमतात. बर्गंडीचा ड्यूक मोठं भाषण करतो. फ्रान्सची बाग ओसाड पडली आहे, वेली छाटायला माणूस नाही, शेतात तण माजलंय, मुलं रानटी होत चालली आहेत, तेव्हा शांतता का येऊ नये, असा त्याचा सवाल. हेन्रीचं उत्तर व्यापाऱ्यासारखं आहे. शांतता हवी असेल तर ती विकत घ्या, किंमत आमच्या मागण्यांमध्ये लिहिलेली आहे.

फ्रेंच राजा म्हणतो, कलमं मी वरवर पाहिली आहेत, तुमची माणसं द्या, बसून नीट बघतो. सगळे आत जातात. राणी इझाबेलही जाते. कलमांचा फार कीस पाडला जाऊ लागला तर एका बाईच्या शब्दाचा उपयोग होईल, असं तिचं म्हणणं. हेन्री फक्त एकीला मागे ठेवून घेतो, राजकन्या कॅथरीनला. कारणही उघड सांगतो. ती आमची मुख्य मागणी आहे, कलमांच्या यादीत अगदी पुढच्या रांगेत आहे.

मग रंगमंचावर उरतात तिघं : हेन्री, कॅथरीन आणि तिची सोबतीण ॲलिस. पुढे येतो तो प्रसिद्ध प्रेमयाचनेचा भाग. ‘मी साधा शिपाईगडी, मला गोड बोलता येत नाही’ असं म्हणत हेन्री भरपूर बोलतो, मोडकंतोडकं फ्रेंचही बोलून बघतो, कॅथरीन मोडक्या इंग्रजीत उत्तरं देते आणि प्रेक्षक हसतात. १९४४ चा लॉरेन्स ऑलिव्हिएचा आणि १९८९ चा केनेथ ब्रानाचा चित्रपट पाहिला असेल तर हा भाग तुम्हाला रोमँटिक कॉमेडीसारखाच आठवत असेल.

प्रश्न कुठे सुरू होतो?

अभ्यासकांना हा भाग फार पूर्वीपासून खटकत आलाय. अठराव्या शतकात सॅम्युएल जॉन्सनने तक्रार केली होती की पाचव्या अंकात नाटककाराकडचं सांगण्यासारखं संपलं आणि राजाच्या तोंडी त्याला न शोभणारी भाषा आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी समीक्षेने दुसऱ्या बाजूने हरकत घेतली. हे प्रेम नसून विजयाचाच पुढचा भाग आहे, असं तिचं म्हणणं. जीन हॉवर्ड आणि फिलिस रॅकिन यांचं इंग्लिश इतिहास-नाटकांवरचं पुस्तक (१९९७) या चर्चेत तुम्हाला वाचावंच लागेल.

आता नवा विद्यार्थी सहसा काय करतो? ‘हे प्रेम आहे की सत्ता?’ असा प्रश्न घेतो आणि वीस पानांनंतर ‘दोन्ही आहे’ या उत्तरावर येऊन थांबतो. उत्तर चूक नाही, पण त्याने पुढे काही उघडत नाही. माझ्या मते या प्रवेशाला विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे : लग्न ठरल्यातच जमा आहे, मग हेन्री विचारतो कशाला?

आत राजा कलमं वाचतोय. इंग्लंडची फौज जिंकलेली आहे. कॅथरीन ‘हो’ म्हणाली काय, ‘नाही’ म्हणाली काय, आतल्या कागदात फरक पडणार नाही. तरीही हेन्री एवढी खटपट करतो. म्हणजे त्याला तिच्याकडून असं काहीतरी हवंय जे तह देऊ शकत नाही. ते म्हणजे तिच्या तोंडचा होकार. हा होकार आला की सक्तीने घेतलेली गोष्ट स्वखुशीने दिलेली दिसू लागते. प्रवेशातली खरी वाटाघाट याची आहे. आणि तिच्या बाजूला किती पत्ते आहेत, हे मोजणं हे आपलं काम.

याला कायद्याचा आधारही होता. बाराव्या शतकापासून चर्चच्या कायद्यात लग्न वैध ठरायचं ते वधू आणि वर दोघांच्या संमतीने. राजघराण्यांत ती बहुतेकदा नावापुरती असायची, पण ती घ्यावी लागायची. म्हणजे ज्या मुलीला नकार देता येत नाही, तिचा होकार मात्र विधीला लागतोच. हा तिढा शेक्सपिअरने निर्माण केलेला नाही. त्याने तो रंगमंचावर उघडा ठेवलाय.

पहिली पायरी : ती नाटकात कुठे कुठे येते?

कुठल्याही पात्रावर लिहिताना आधी एक साधी यादी करा. पात्राचा उल्लेख कुठे, प्रवेश कुठे, आधी काय, नंतर काय. कॅथरीनची यादी छोटी आहे, पण बोलकी आहे.

पहिला उल्लेख तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला सूत्रधार करतो. फ्रेंच राजाने मुलगी देऊ केली आहे, आणि सोबत हुंडा म्हणून काही किरकोळ, बिनउत्पन्नाच्या डची. हेन्रीला प्रस्ताव पसंत नाही. पुढच्याच क्षणी तोफा डागल्या जातात. म्हणजे कॅथरीन आपल्याला पहिल्यांदा कळते ती नाकारलेल्या प्रस्तावाचा एक भाग म्हणून. आणि नकार आहे तो तिला नाही, सोबतच्या रकमेला आहे.

दुसऱ्यांदा ती प्रत्यक्ष दिसते, त्याच अंकाच्या चौथ्या प्रवेशात. तिच्या आधीचा प्रवेश हार्फ्लरचा. शहर शरण आलं नाही तर तुमच्या मुलींचं काय होईल ते माझ्या हातात राहणार नाही, अशी भयंकर धमकी हेन्री तिथे देतो. शहर दार उघडतं. आणि लगेच पुढे कॅथरीन ॲलिसकडून इंग्रजी शिकताना दिसते : हात, बोटं, नखं, कोपर, मान, हनुवटी, पाय. सगळा प्रवेश फ्रेंचमध्ये आहे, विनोदी आहे, शेवटी उच्चारांतून अश्लील श्लेषही निघतात. पण ती काय करतेय बघा. स्वतःच्या शरीराची एकेका अवयवाने शत्रूच्या भाषेत यादी करतेय. आणि शिकणं भाग आहे, असं ती सुरुवातीलाच म्हणते. का भाग आहे, ते कोणी सांगत नाही. हार्फ्लरच्या पाठोपाठ आलेल्या प्रेक्षकाला ते सांगावं लागत नाही.

तिसऱ्यांदा ती येते थेट शेवटच्या प्रवेशात, मुख्य मागणी म्हणून.

नाकारलेला प्रस्ताव, भाषेची तयारी, मुख्य मागणी. हा क्रम एकदा कागदावर मांडला की शेवटचा प्रवेश एकटा उरत नाही. तिसऱ्या अंकात अर्धवट राहिलेली बोलणी तिथे पूर्ण होतायत, हे दिसतं.

इथे एक धोक्याची सूचना. १६०० साली छापलेल्या क्वार्टो प्रतीत सूत्रधाराची भाषणं नाहीत. ती १६२३ च्या फोलिओत आहेत. म्हणजे आपल्या यादीतला पहिला मुद्दा फक्त फोलिओवर उभा आहे. असे मुद्दे मांडताना कोणत्या प्रतीवरून बोलताय ते लिहा. व्हायव्हात पहिला प्रश्न तिथूनच येतो.

दुसरी पायरी : इतिहासात काय झालं होतं?

नाटकाला इतिहासाच्या फूटपट्टीने ‘चूक-बरोबर’ असे गुण द्यायचे नाहीत. नाटककाराने काय हलवलं, काय गाळलं, ते शोधायचं. त्यासाठी खरा घटनाक्रम माहीत हवा.

हेन्री १४१३ मध्ये गादीवर आला आणि लवकरच फ्रान्सशी बोलणी सुरू झाली. त्यात कॅथरीनशी लग्न हा विषय होताच. तिचा जन्म १४०१ चा, म्हणजे ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची. इंग्लंडने हुंडा मागितला २० लाख क्राऊन. फ्रान्सने तयारी दाखवली ६ लाखांची, पुढे ती ८ लाखांपर्यंत गेली. शिवाय कोणता प्रदेश द्यायचा, यावर घासाघीस होतीच. १४१५ च्या उन्हाळ्यात फ्रेंच वकील विंचेस्टरला आले, बोलणी फिसकटली आणि हेन्रीने स्वारी केली.

थोडक्यात, मुलगी आणि हुंड्याचा प्रस्ताव युद्धाच्या आधी आला होता. शेक्सपिअरला हे राफेल होलिन्शेडच्या बखरीत वाचायला मिळत होतं. पण त्याने प्रस्ताव उचलून युद्ध सुरू झाल्यावर नेऊन ठेवला. नाटकात युद्धाची कारणं म्हणून काय येतं? सॅलिक कायद्याची लांबलचक चर्चा आणि डॉफिनने चिडवायला पाठवलेले टेनिसचे चेंडू. लग्न आणि पैसा या व्यवहारावरून फिसकटलेली बोलणी कारणांच्या यादीतून बाहेर जातात. म्हणून शेवटी हेन्री तिला मागणी घालतो तेव्हा पहिल्यांदाच विचारतोय असं वाटतं. कालक्रमातला एवढासा बदल, पण प्रियकर हेन्री त्यावर उभा आहे.

आझँकूरनंतरही लगेच तह झाला नाही. नॉर्मंडी जिंकण्यात आणखी वर्षं गेली. १४१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस सीन नदीकाठी म्यूलाँला दोन्ही बाजू भेटल्या आणि तिथे हेन्रीने कॅथरीनला पहिल्यांदा पाहिलं. होलिन्शेडही सांगतो की तिला मुद्दाम आणलं होतं, हेन्री तिला पाहून भुलेल आणि मागण्या सैल करील या आशेने. हेन्रीला ती आवडली, पण मागण्या तशाच राहिल्या. बोलणी अडली तेव्हा तुमच्या राजाची मुलगी आणि तिच्यासोबत मागितलेलं सगळं मिळवीन, नाहीतर राजाला आणि तुम्हालाही राज्याबाहेर हाकलीन, असं तो बर्गंडीच्या ड्यूकला म्हणाला, अशी नोंद बखरीत आहे. मुलगी आणि मागण्या एकाच वाक्यात!

मग सप्टेंबर १४१९ मध्ये माँतेरोच्या पुलावर त्या ड्यूकचा, म्हणजे जॉनचा, खून झाला, तोही डॉफिन चार्ल्सच्या समोर. जॉनचा मुलगा फिलिप इंग्लंडच्या बाजूला गेला आणि फ्रान्सची बाजू कोसळली. २१ मे १४२० रोजी त्र्वा शहरात (हे फ्रान्समधलं, होमरचं ट्रॉय नव्हे) तह झाला आणि २ जूनला लग्न. त्या वेळी फ्रेंच राजा सहावा चार्ल्स अनेक वर्षांपासून वेडाच्या झटक्यांनी आजारी होता. म्यूलाँच्या भेटीला तर तो येऊच शकला नव्हता.

शेक्सपिअरने म्यूलाँ आणि त्र्वा एकत्र केलं, मधला खून गाळला, डॉफिनला शेवटच्या प्रवेशातून बाहेर ठेवलं आणि आजारी चार्ल्सला शहाणासुरता राजा म्हणून उभं केलं. का? तर सही करणारा बाप शुद्धीवर हवा. ज्याचा वारसा जातोय तो मुलगा समोर नको. देणाऱ्यांची संमती खरी दिसावी म्हणून ही सगळी झाडलोट आहे.

तहात कॅथरीनला किती किंमत होती?

इथे एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. हेन्रीचा फ्रान्सवरचा जुना दावा स्त्रीच्या बाजूने होता. तिसऱ्या एडवर्डची आई इझाबेला ही फ्रेंच राजकन्या, म्हणून तिच्या वंशाला हक्क. फ्रेंच पक्ष म्हणायचा, स्त्रीकडून वारसा जात नाही. हाच तो सॅलिक कायदा, ज्यावर पहिल्या अंकात कँटरबरीचा आर्चबिशप प्रेक्षकांना पेंग येईपर्यंत बोलतो.

मग त्र्वाचा तह काय करतो? तो हेन्रीला चार्ल्सचा ‘मुलगा’ ठरवतो, चार्ल्सच्या हयातीत त्याच्याकडे कारभार देतो आणि नंतर मुकुट हेन्रीला आणि हेन्रीच्या वारसांना देतो. हा वारसा कॅथरीनच्या पोटच्या मुलांपुरता बांधलेला नाही. लग्नाचा बोजा तिच्या आईबापांवर पडू नये असं तहात आहे, म्हणजे पूर्वी ज्यावर एवढी घासाघीस झाली त्या हुंड्याचा विषय संपला. उलट तिलाच इंग्लंडमध्ये वर्षाला ४०,००० क्राऊनची तजवीज करून द्यायचं ठरलं. संपूर्ण राज्य मिळत असताना हुंडा कोण मोजणार?

गंमत बघा. ज्या माणसाचा दावा एका राजकन्येच्या हक्कावर होता, त्याच्या तहात दुसऱ्या राजकन्येचा हक्क काहीच नाही. तिच्यामुळे तो जावई होतो, जावयाचा मुलगा होतो आणि मुलगा म्हणून वारस. ती दारासारखी आहे. दारातून आत जायचं असतं, दाराच्या नावावर घर नसतं.

तिसरी पायरी : शेक्सपिअरच्या आधीची कॅथरीन

शेक्सपिअरच्या आधी याच विषयावर एक निनावी नाटक होतं, ‘पाचव्या हेन्रीचे प्रसिद्ध विजय’. ते १५९८ मध्ये छापलं गेलं. नाट्यगुण बेताचे, पण आपल्याला फार उपयोगाचं. त्यातही शेवटी प्रेमयाचना आहे. तिथली कॅथरीन साध्या, स्वच्छ इंग्रजीत बोलते. आणि ती येते कशासाठी? बापाने तिला पाठवलंय. तुमच्या अवाजवी मागण्यांबद्दल काही बोलणं करणार का, हे विचारायला! म्हणजे त्या नाटकात ती स्वतः वाटाघाट करणारी आहे.

आता शेक्सपिअरने काय केलं ते शेजारी ठेवा. त्याने तिची वकिली काढून घेतली आणि इंग्रजीही काढून घेतलं. वाटाघाट करणारी बाई वाटाघाटीचं कलम झाली. पण सोबत त्याने तिला एक नवं हत्यार दिलं : न कळणं.

‘मला कळत नाही’ हे उत्तर

कॅथरीनची उत्तरं एका ओळीत लावून बघा. फ्रान्सच्या शत्रूवर मी प्रेम करणं शक्य आहे का, असं ती विचारते. प्रवेशातला हा सगळ्यात सरळ प्रश्न. हेन्री त्याचं शब्दांच्या खेळाने उत्तर देतो : मी शत्रू कसला, मी तर फ्रान्सचा मित्र. इतकं प्रेम आहे की त्यातलं एक गावसुद्धा सोडणार नाही. फ्रान्स माझा आणि मी तुझा, मग फ्रान्स तुझा आणि तू माझी. हे ऐकून कॅथरीन म्हणते, ते काय आहे मला सांगता येत नाही.

हा भाषेचा अडथळा की उत्तर? इंग्रजी कळणाऱ्या प्रेक्षकालाही या हिशोबात घोळ दिसतो. फ्रान्स तिचा होणार कसा? तहात तसं काहीच नाही. तिचं ‘न कळणं’ हे त्या घोळाचं अचूक वर्णन आहे. त्याआधी स्तुती ऐकून तिने पुरुषांच्या जिभा कपटाने भरलेल्या असतात, असा शेराही मारलेला असतो, तोही फ्रेंचमध्ये. ॲलिसला तो भाषांतरित करून सांगावा लागतो.

शेवटी हेन्री थेट विचारतो, स्वीकारशील का? उत्तर येतं : माझ्या वडिलांची इच्छा असेल तसं. तो म्हणतो, त्यांची इच्छा असेलच. मग मीही समाधानी राहीन, ती म्हणते. हेन्रीला हवा होता तो होकार हाच. नीट बघितलं तर तिने तो बापाकडे परत पाठवलाय, म्हणजे आतल्या खोलीकडे, कलमांकडे. हेन्रीने तहाबाहेरचं काहीतरी मागितलं, तिने तहातलंच दिलं. मोजकेच पत्ते हातात असलेल्या माणसाने यापेक्षा चांगलं खेळणं कठीण आहे.

मग तो चुंबन मागतो. लग्नाआधी चुंबन घेण्याची फ्रान्समध्ये पद्धत नाही, असं ती सांगते. मोठ्या राजांपुढे असल्या पद्धती वाकतात, असं म्हणून हेन्री चुंबन घेतो. आणि आता संहिता उघडून तपासा : त्यानंतर नाटक संपेपर्यंत कॅथरीनला एकही वाक्य नाही. तिचं शेवटचं बोलणं म्हणजे तो पद्धतीचा आक्षेप. रंगमंचावर ती हसू शकते, लाजू शकते, दगडासारखी उभी राहू शकते. ते नटीवर आणि दिग्दर्शकावर आहे. म्हणून ‘ती प्रेमात पडली’ हे विधान प्रयोगाबद्दलचं असू शकतं, संहितेबद्दलचं नाही. हा फरक लिहिताना सांभाळा.

सहीचा क्रम

सगळे परत येतात. बर्गंडी आणि हेन्री यांच्यात चावट विनोद होतात. कॅथरीन समोर आहे, पण विनोद तिच्याशी नाहीत, तिच्याबद्दल आहेत. त्यात फ्रान्सची न जिंकलेली शहरं आणि कुमारिका यांची सांगड घातली जाते. हार्फ्लरच्या धमकीत हीच सांगड होती. तिथे ती भीती होती, इथे ती थट्टा झाली आहे.

मग कळतं की राजाने सगळं मान्य केलंय, मुलगी सगळ्यात आधी. एकच कलम राहिलंय. राजाने हेन्रीला पत्र लिहिताना ‘आमचा प्रिय पुत्र, फ्रान्सचा वारस’ असं फ्रेंच आणि लॅटिनमध्ये संबोधावं. हेन्री म्हणतो, तेही बाकीच्या कलमांच्या रांगेत घ्या, आणि त्यावर मला मुलगी द्या. क्रम लक्षात ठेवा : आधी वारसाचं कलम, मग मुलगी. मुख्य मागणी म्हणून जिला मागे ठेवलं होतं, ती शेवटच्या सहीनंतर सुपूर्द होते.

याच कलमात एक मजेशीर चूक आहे. लॅटिन मजकुरात ‘अतिप्रिय’ऐवजी ‘अतिविख्यात’ असा शब्द पडलाय. मूळ तहात तो तसा नाही. होलिन्शेडच्या बखरीत छापील चूक होती, तीच नाटकात उतरली. नाटककाराने तहाचा भाग लिहिताना बखर समोर ठेवली होती, याचा हा पुरावा. एका अक्षराच्या चुकीवरून स्रोत कसा सिद्ध होतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण वर्गात सांगायला मिळणार नाही.

प्रेक्षकांना शेवट माहीत होता

नाटक लग्नाच्या तयारीवर थांबत नाही. उपसंहारात सूत्रधार सांगतो की या लग्नातून झालेला सहावा हेन्री लहानपणीच राजा झाला, कारभाऱ्यांची गर्दी झाली, आणि फ्रान्स हातचा गेला. ते आमच्या रंगमंचावर तुम्ही अनेकदा पाहिलंय. खरोखरच पाहिलं होतं. सहाव्या हेन्रीवरची तीन नाटकं शेक्सपिअरने आधीच लिहिली होती. त्यातल्या दुसऱ्याच्या सुरुवातीला आणखी एक लग्नाचा तह वाचला जातो. यात वधू मार्गारेट हुंड्याशिवाय येते आणि वर आंजू आणि मेन हे प्रांत इंग्लंडनेच सोडायचे. ते वाचताना ग्लॉस्टरच्या हातून कागद गळून पडतो. १५९९ च्या प्रेक्षकाने तो गळून पडणारा कागद आधी पाहिलाय, हेन्रीचा विजयी कागद नंतर.

इतिहासातही तह टिकला नाही. हेन्री ३१ ऑगस्ट १४२२ रोजी वारला, चार्ल्स त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला. ज्या मुकुटासाठी एवढं केलं, तो हेन्रीच्या डोक्यावर कधी आलाच नाही. वगळलेला डॉफिन १४२९ मध्ये रँसला सातवा चार्ल्स म्हणून अभिषिक्त झाला.

आणि कॅथरीन? एकविसाव्या वर्षाच्या आत ती विधवा झाली. राजाच्या परवानगीशिवाय विधवा राणीशी कोणी लग्न करू नये, असा कायदा इंग्लंडच्या संसदेने केला. तरीही तिने वेल्समधल्या ओवेन ट्यूडरशी संसार केला. त्यांचा नातू सातवा हेन्री, पणतू आठवा हेन्री आणि खापरपणती पहिली एलिझाबेथ, म्हणजे हे नाटक लिहिलं गेलं तेव्हाची राणी. त्र्वाच्या तहातल्या लग्नाची वंशरेषा सहाव्या हेन्रीनंतर संपली. कोणीही न ठरवलेल्या संसारातून इंग्लंडचं राजघराणं आलं. आणि त्या घराण्यातल्या एलिझाबेथने लग्नाची बोलणी वर्षानुवर्षं राजकारणाचं साधन म्हणून वापरली, फ्रान्सच्या आंजूच्या ड्यूकशी तर १५८१ पर्यंत, आणि शेवटी होकार कोणालाच दिला नाही.

तुमच्या कामासाठी

हा सगळा प्रवास आपण एका प्रश्नावर केला : उत्तर ठरलेलं असताना विचारतात कशाला? तुमच्या आराखड्यासाठी त्यातून चार गोष्टी उचला.

एक, ‘हे की ते’ छापाचा प्रश्न टाळा. ‘मग असं का?’ हा प्रश्न घ्या. पुरावा कुठे शोधायचा, ते तो प्रश्नच सांगतो.

दोन, नाटक आणि त्याचा स्रोत शेजारी ठेवून तीन रकाने करा : काय घेतलं, काय गाळलं, काय हलवलं. माझ्या अनुभवात तिसरा रकाना सगळ्यात जास्त देतो. संहितेसाठी फोल्जर ग्रंथालयाची आवृत्ती इंटरनेटवर मोफत आहे.

तीन, पात्र शेवटचं कधी बोललं आणि त्यानंतर किती वेळ गप्प उभं राहिलं, हे मोजा. रिचर्ड तिसरा ॲनला मागणी घालतो तो प्रवेश किंवा सफोक मार्गारेटला दुसऱ्यासाठी मागतो तो प्रवेश घेऊन हीच मोजणी करून बघा. दोन्हींवर स्वतंत्र निबंध होऊ शकतो.

चार, ‘संमती’ हा आजचा शब्द जुन्या काळावर लादताय का, असं कोणीतरी विचारेलच. त्याचं उत्तर तयार ठेवा : संमतीची अट त्यांच्याच कायद्यात होती, आणि शत्रूवर प्रेम करणं शक्य आहे का, हा प्रश्न त्यांच्याच कॅथरीनने विचारलाय. हेन्रीने त्याला सरळ उत्तर दिलं नाही, एवढंच आपण दाखवतोय.

वेळ मिळाला की पाचव्या अंकाचा दुसरा प्रवेश फक्त कॅथरीनची वाक्यं अधोरेखित करत पुन्हा वाचा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. काय दिसलं ते नक्की लिहा.